सूर्यफूल : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

घरच्या बागेतल्या सूर्यफुलांविषयी आलेल्या बहुतेक पत्रांत तक्रार फुलाची आहे. फूल लहान का राहिलं, मान का मोडली, दाणे पोचट का निघाले? कारण मात्र बऱ्याचदा फूल दिसायच्या महिनाभर आधी घडून गेलेलं असतं. म्हणून रोपांच्या प्रश्नांपासून सुरुवात केली आहे. सारखे प्रश्न एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : ट्रेमध्ये रोपं तयार करून पाच आठवड्यांनी वाफ्यात लावली. पाकिटावर सहा फूट उंची लिहिली होती. रोपं दीड फुटावर थांबली आणि वाटीएवढी फुलं आली. खत कमी पडलं का?

खताचा यात फारसा संबंध नाही, रोपं ट्रेमध्ये फार दिवस राहिली. सूर्यफुलाचं मूळ सोटमूळ असतं. बी रुजलं की ते आधी सरळ खाली धावतं. ट्रेचा कप्पा जेमतेम पाच सेंमी खोल असतो, त्यामुळे दहा-बारा दिवसांत मूळ तळाला टेकतं आणि गोल फिरू लागतं. एकदा अशी गुंडाळी झाली की नंतर कितीही मोकळ्या मातीत लावा, ते मूळ पुन्हा सरळ खाली जात नाही.

दुसरी गोष्ट वेळेची आहे. रोपाला आठ-दहा पानं येतात, म्हणजे उगवणीनंतर साधारण तीन-चार आठवडे होतात, तेव्हाच शेंड्याच्या आत फुलाची घडण सुरू होते. आपल्याला बाहेर काहीच दिसत नाही, पण अजून किती पानं येणार आणि तबकात, म्हणजे आपण ज्याला एक फूल म्हणतो त्या थाळीत, किती बारीक फुलं बसणार हे तेव्हा ठरत असतं. नेमक्या त्या दिवसांत तुमची रोपं ट्रेमध्ये कोंडलेली होती. नंतर घातलेल्या खताने तो हिशेब बदलत नाही.

शक्य असेल तर बी थेट जागेवर लावा. माती वाफशावर हवी, म्हणजे मुठीत दाबली तर गोळा व्हावा आणि बोटाने टोकलं की फुटावा. अडीच सेंमी खोलीवर दोन-दोन बिया टाका. मध्यम उंचीच्या जातींना दोन रोपांत ३० ते ४५ सेंमी अंतर ठेवा, आठ-दहा फुटी जातींना ६० सेंमी. बीतून निघालेल्या पहिल्या दोन जाड पानांनंतर येतात ती खरी पानं. त्यांची दुसरी जोडी आली की विरळणी करा. नको असलेलं रोप उपटू नका, कात्रीने जमिनीलगत कापा. उपटताना शेजारच्या रोपाचं मूळही हलतं.

पक्ष्यांमुळे किंवा थंडीमुळे रोपं आत करावीच लागली, तर कागदाच्या दहा सेंमी खोल नळकांड्यांत करा. खऱ्या पानांची पहिली जोडी उघडली की, म्हणजे दोन ते तीन आठवड्यांत, नळकांड्यासकट संध्याकाळी लावा. कागदाची कड मातीवर उघडी राहू देऊ नका. ती वातीसारखी ओल शोषून मुळांभोवतीची माती कोरडी करते.

दिवस लहान असताना पेरणी केली असेल, तर तेही एक कारण असू शकतं. काही जाती रोपावस्थेत बारा तासांपेक्षा लहान दिवस मिळाले की घाईने आणि बुटक्या उंचीवरच फुलतात. पाकिटावर ‘दिवसाच्या लांबीचा परिणाम न होणारी’ अशा अर्थाची नोंद असलेली जात अशा काळात निवडावी.

प्रश्न : गेल्या महिन्यात स्वतःच्याच फुलातलं बी काढून ठेवलं होतं. वीस लावले, दोनच उगवले. बी खराब होतं का?

बहुधा ते झोपलेलं आहे. सूर्यफुलाच्या ताज्या बियांना सुप्तावस्था असते. काढणीनंतर साधारण सहा ते आठ आठवडे ओल आणि ऊब मिळूनही बरंचसं बी रुजत नाही. दोन महिने थांबून चाचणी घ्या. दहा बिया ओल्या सुती फडक्यात गुंडाळून उबदार जागी ठेवा आणि पाच-सहा दिवसांनी मोजा. सात-आठांना मोड आले तर बी उत्तम आहे.

मातीचं तापमानही पाहा. २० ते २५ अंशांना आठवडाभरात उगवण होते. दहा अंशांच्या खाली बी इतकं रेंगाळतं की रुजण्याआधीच कुजतं. पेरणीआधी चार-सहा तास भिजवलं तर चालतं, रात्रभर पाण्यात बुडवून ठेवण्याची गरज नाही. मूळ झाड संकरित जातीचं असेल, तर पुढच्या पिढीत उंची आणि रंग सरमिसळ निघतील, हे धरून चाला.

प्रश्न : उगवलेली रोपं सकाळी जमिनीलगत कापलेली दिसतात. काहींची नुसती पानं गायब असतात. हे कोण करतं?

खुणा वेगवेगळ्या असतात. रोप बुंध्याशी सफाईने कापून तिथेच आडवं पडलेलं असेल, तर ती मातीत लपणारी कुरतडणारी अळी आहे. रोपाभोवतीची माती दोन-तीन सेंमी उकरा, राखाडी रंगाची, अंगाचं वेटोळं केलेली अळी सापडेल. पानं खरवडल्यासारखी खाल्लेली आणि मातीवर चमकदार चिकट रेघा दिसल्या तर गोगलगाय समजा. बीजदलंच, म्हणजे ती पहिली दोन जाड पानं, टोचून नेली असतील किंवा अख्खं रोप उपटलेलं असेल, तर पक्षी.

अळी आणि पक्षी या दोघांवर एकच उपाय चालतो. प्लॅस्टिकच्या बाटलीचा तळ आणि तोंड कापून दहा-बारा सेंमी उंचीचं कडं करा, रोपाभोवती तीन सेंमी मातीत रोवा आणि वरून जाळीचा तुकडा बांधा. सहा पानं आली की काढा. गोगलगाई रात्री बॅटरी घेऊन वेचाव्या लागतात. संध्याकाळऐवजी सकाळी पाणी दिलं, तर रात्री माती वरून कोरडी राहते आणि त्यांची ये-जा कमी होते.

प्रश्न : गच्चीत कुंड्याच आहेत. कोणत्या मापाच्या कुंडीत कोणतं सूर्यफूल लावावं?

एक ते दोन फुटी बुटक्या जातींसाठी ३० सेंमी रुंद आणि तेवढीच खोल, म्हणजे साधारण १२ लिटरची कुंडी घ्या, आणि एका कुंडीत एकच रोप लावा. ‘सनस्पॉट’ किंवा गोंड्यासारखं भरगच्च फुलणारी ‘टेडी बेअर’ अशा जाती तीत छान येतात. तीन-चार फुटी जातींना २० लिटर लागतात. ‘मॅमथ’सारखी दहा फुटी जात कुंडीत लावू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. ४० लिटरच्या पिंपातही ती कशीबशी वाढते आणि वाऱ्याच्या पहिल्या झोताला पिंपासकट कलते.

पसरट उथळ कुंडी टाळा. इथेही सोटमूळ खाली जायला जागा हवी. मिश्रणात दोन भाग बागेची माती, एक भाग कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग कोकोपीट घ्या. माती चिकट असेल तर कोकोपीटऐवजी जाडी वाळू घ्या.

बोट चार-पाच सेंमी आत घालून पाहा. तिथे कोरडं लागलं की तळाच्या भोकांतून पाणी बाहेर येईपर्यंत द्या. कळी धरल्यापासून कडक उन्हात दिवसातून दोनदाही पाणी लागू शकतं. बशीत साठलेलं पाणी अर्ध्या तासाने ओतून टाका. थेट ऊन किमान सहा तास हवं. त्याहून कमी मिळालं तर खोड बारीक होऊन उजेडाकडे झुकत जातं, आणि तसं झालेलं खोड नंतर सरळ होत नाही.

प्रश्न : दुपारी पानं पूर्ण लोंबतात, म्हणून दिवसातून तीनदा पाणी घालतो. तरी सुधारणा नाही.

संध्याकाळी पानं आपोआप उभी राहत असतील, तर झाडाला काहीही झालेलं नाही. पानं मोठी असतात आणि भर उन्हात मुळं पुरवतील त्याहून जास्त पाणी उडून जातं, इतकंच. पाहायचं ते सकाळी. सूर्य वर यायच्या आधीही पानं लोंबलेली असतील, तर माती खरंच कोरडी आहे किंवा मुळं पाण्यात गुदमरून कुजत आहेत. दिवसातून तीनदा पाणी घालणाऱ्यांकडे दुसरी शक्यता अधिक.

जमिनीतल्या झाडाला आठवड्यातून एकदा-दोनदा खोलवर पाणी द्या, माती २०-२५ सेंमीपर्यंत भिजली पाहिजे. रोज थोडं थोडं पाणी मिळालं की मुळं वरच्या थरातच पसरतात, आणि मग एक दिवस चुकला तरी झाड मान टाकतं.

एकच झाड अचानक कोमेजलं आणि बुंध्याशी फिकट, पाणचट पट्टा व त्यावर कापसासारखी पांढरी बुरशी दिसली, तर ते वेगळं प्रकरण आहे. खोड चिरून पाहा. आत उंदराच्या लेंड्यांसारखे काळे दाणे असतील तर ही पांढरी बुरशीची कूज. झाड मुळासकट, भोवतालच्या मातीसकट काढून टाका, कंपोस्टमध्ये घालू नका. ते काळे दाणे मातीत अनेक वर्षं जिवंत राहतात, म्हणून त्या जागी चार-पाच वर्षं सूर्यफूल, घेवडा, गाजर किंवा कोबी लावू नका. मका लावायला हरकत नाही.

प्रश्न : झाड हिरवंगार, पानं सुपाएवढी, पण कळी येता येत नाही. युरिया वाढवू का?

उलट तो बंदच करा. पानं तेवढी माजतात ती नत्रामुळेच. नत्र जास्त झालं की फुलोरा लांबतो आणि खोड पोकळ-मऊ होतं, ते पुढे तबकाचं वजन पेलत नाही.

लावणीआधी चौरस मीटरला तीन-चार किलो पूर्ण कुजलेलं खत ३० सेंमी खोलीपर्यंत मिसळलं असेल, तर चांगल्या जमिनीत वरखताची गरज पडत नाही. हलक्या जमिनीत आणि कुंडीत मात्र पोषण धुपून जातं. तिथे १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला २ ग्रॅम या प्रमाणात पंधरा दिवसांनी मुळाशी द्या आणि कळी गोटीएवढी झाली की थांबा.

प्रश्न : फूल उमलायच्या आधीच मान मोडते. काठीला घट्ट बांधलं होतं, तरीही.

यात दोन कारणं मिसळतात. आधी शेंड्याकडची कोवळी पानं पाहा. ती जाड, चुरगळलेली आणि ठिसूळ असतील, तबक वेडंवाकडं भरत असेल आणि त्याच्या खाली खोडाला आडवी चीर पडली असेल, तर बोरॉनची कमतरता आहे. वालुकामय, चुनखडीच्या आणि वारंवार कोरड्या पडणाऱ्या मातीत ती हमखास दिसते. बाहेरच्या पिवळ्या पाकळ्या उघडू लागल्या की लिटरला २ ग्रॅम बोरॅक्स विरघळवून संध्याकाळी तबकावर एकदाच फवारा. एकदाच! बोरॉनचं कमी आणि जास्त यांत अंतर फार थोडं असतं, आणि जास्त झालं की पानांच्या कडा जळतात. कुंडीच्या मातीत तर ते घालूच नका.

दुसरं कारण बांधण्याचं. काठी रोप फूटभर असतानाच, बुंध्यापासून आठ-दहा सेंमीवर, ४०-५० सेंमी खोल रोवायची. चार फुटी झाडाशेजारी काठी ठोकली तर ती मुळं तोडत आत जाते. दोर सुती आणि रुंद घ्या, काठी आणि खोड यांच्यामध्ये आठच्या आकड्यासारखा फिरवा, आत दोन बोटं सहज जातील एवढा सैल. पहिला बंध मध्यावर, दुसरा तबकाच्या फूटभर खाली. शेंड्याजवळ मुळीच बांधू नका, तो भाग रोज हलत असतो. घट्ट बांधला तर वाऱ्याचा सगळा ताण त्या एकाच ठिकाणी येतो आणि खोड तिथेच मोडतं. गुडघ्याएवढ्या रोपाला बुंध्याशी १०-१२ सेंमी मातीची भर द्या.

तबक फुलून गेल्यावर मान खाली जाणं हे मात्र अगदी योग्य लक्षण आहे. दाणे भरू लागले की वजनाने ते वाकतं. वर उचलून बांधू नका, त्यात पाणी साचून कूज होते.

प्रश्न : आमचं सूर्यफूल सूर्याकडे वळतच नाही. दिवसभर पूर्वेकडेच बघतं.

उमललेलं फूल तसंच बघतं. वळतो तो वाढता शेंडा. दिवसा खोडाची पूर्वेकडची बाजू जास्त लांबते, म्हणून शेंडा पश्चिमेकडे कलत जातो. रात्री पश्चिमेची बाजू लांबते आणि पहाटेपर्यंत तो परत पूर्वेला येतो. फूल उमलेपर्यंत ही वाढ थांबते आणि तोंड पूर्वेला स्थिरावतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी २०१६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात यावरचे प्रयोग मांडले. पूर्वेकडे तोंड असलेली फुलं सकाळी लवकर तापतात आणि त्यांच्यावर मधमाश्या जास्त येतात. ज्या रोपांना वळूच दिलं नाही, त्यांच्या पानांचं क्षेत्रफळ सुमारे १० टक्क्यांनी घटलं. शेंडा बांधू नका असं वर म्हटलं, त्याला हेही कारण आहे.

याचा उपयोग वाफ्याची जागा ठरवताना करा. तुम्ही जिथून फुलं बघणार, त्या जागेच्या पश्चिमेला वाफा असावा. नाहीतर शेजाऱ्यांना फुलं आणि तुम्हाला पाठी.

प्रश्न : तबक चांगलं मोठं झालं, पण निम्मे दाणे पोचट. मधोमध तर काहीच नाही.

मधले थोडे दाणे पोचट राहणारच. आपण ज्याला एक फूल म्हणतो ते शेकडो बारीक फुलांचं तबक असतं. ती कडेकडून आत, रांगेने, सात ते दहा दिवस उमलत जातात. मधली फुलं शेवटी उमलतात, तोवर बाहेरच्या दाण्यांनी झाडाचं अन्न ओढायला सुरुवात केलेली असते. निम्मं तबक रिकामं म्हणजे मात्र परागीभवन फसलं.

एकटं झाड हे त्याचं नेहमीचं कारण. प्रत्येक बारीक फूल आधी पराग बाहेर टाकतं आणि साधारण दुसऱ्या दिवशी त्याची कुक्षी, म्हणजे पराग झेलणारं टोक, पराग घ्यायला तयार होते. पुष्कळ जुन्या आणि शोभेच्या जाती स्वतःचा पराग स्वीकारत नाहीत. म्हणून एकाच वेळी फुलणारी तीन-चार झाडं तरी जवळ लावा.

फुलदाणीसाठीच्या काही जातींत, उदाहरणार्थ ‘प्रोकट’मध्ये, पराग मुळातच नसतो. फुलाखाली पांढरा कागद धरून टिचकी मारा, पिवळी भुकटी पडली नाही तर जात तीच समजा. तिच्यात दाणे हवे असतील तर शेजारी परागवाली जात लागते.

मधमाश्या कमी असतील तर हाताने काम करा. सकाळी नऊ ते अकरा, दव वाळल्यावर, तळहाताला मऊ मलमलचं कापड गुंडाळा आणि एका तबकावरून हलके फिरवा, मग दुसऱ्यावर, मग परत पहिल्यावर. एक दिवसाआड असं चार-पाच वेळा करा. जोर लावू नका, कुक्षी नाजूक असतात. फुलोऱ्यात कोणतंही कीटकनाशक फवारू नका. त्या आठवड्यात मधमाशीच्या बदल्यात मावा मारणं हा तोट्याचा सौदा आहे. माव्याला पाण्याचा जोरदार फवारा पुरतो.

फुलण्याआधीचे आणि नंतरचे वीस-वीस दिवस माती कोरडी पडू देऊ नका. सबंध हंगामात पाण्याची सर्वांत मोठी किंमत याच दिवसांत असते.

प्रश्न : शेंडा खुडल्यावर जास्त फुलं येतात ना?

फांद्या फुटणाऱ्या जातींत येतात. रोप २०-२५ सेंमी झालं की खुडा. पहिली फुलं आठवडाभर उशिरा आणि आकाराने लहान येतील. एकखोडी जातीचा शेंडा खुडू नका, तिचं फूल त्या शेंड्यातच असतं.

प्रश्न : पानांवर पांढरी पावडर आणि काही ठिकाणी तपकिरी ठिपके आहेत. एकच औषध चालेल का?

आधी ओळख पटवा. पानाच्या वरच्या बाजूला पिठासारखा थर म्हणजे भुरी. ती बहुधा फुलोऱ्यानंतर येते आणि फारसं नुकसान करत नाही. खालची पानं काढून हवा खेळती करा. फुलोऱ्याआधीच आली असेल तर पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला २ ग्रॅम फवारा, पण कडक उन्हात नको, पानं भाजतात. बोट फिरवल्यावर विटकरी भुकटी लागली तर तांबेरा. एकात एक वर्तुळं आणि भोवती पिवळी कडा असलेले ठिपके म्हणजे करपा. दोन्हींत रोगट पानं लगेच तोडून नष्ट करा आणि पाणी पानांवर न टाकता मुळाशी द्या.

खरी भीती केवडा या रोगाची. रोप खुजं राहतं, वरून पानाच्या शिरांलगत पिवळेपणा येतो आणि त्याच जागी खालून पांढरी लव दिसते. त्या झाडाचं तबक आभाळाकडे तोंड करून राहतं, दाणे भरत नाहीत. यावर इलाज नाही, रोप उपटून टाका.

प्रश्न : दाणे नेमके कधी काढायचे? थांबलो तर पक्षी खातात, घाई केली तर दाणे बुरसतात.

तबकाची पाठ पाहा. ती हिरवी असेपर्यंत हात लावू नका. लिंबासारखी पिवळी झाली आणि कडेची हिरवी पानोळी तपकिरी होऊ लागली की दाणे भरले. फुलल्यानंतर याला ३० ते ४५ दिवस लागतात. पक्ष्यांसाठी पाकळ्या सुकल्याबरोबर तबकाला सुती जाळीची किंवा मलमलची पिशवी बांधा. प्लॅस्टिकच्या पिशवीत वाफ साचते. पक्ष्यांनी टोचलेल्या किंवा अळीने पोखरलेल्या जागेतूनच तबककूज आत शिरते, त्यामुळे पिशवीने दोन कामं साधतात.

फूटभर दांड्यासह कापा, सावलीत, वाऱ्यावर उलटं टांगा. दोन-तीन आठवड्यांत अंगठ्याने घासलं की दाणे सुटतात. ते एका थरात पसरून आणखी काही दिवस वाळवा. आतला गर वाकला तर ओल आहे, कट्‌कन मोडला तर घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. पेरायच्या बियांवर तारीख लिहा, सुप्तावस्थेचा हिशेब त्यावरूनच लागेल.

प्रश्न : फुलदाणीतली फुलं दोन दिवसांत माना टाकतात.

पूर्ण उमललेली कापत असाल. पाकळ्या तबकापासून नुकत्या सुटू लागल्या असताना, पहाटे कापा आणि लगेच खोल पाण्यात ठेवा. पाण्याखाली येणारी सगळी पानं काढा. दर दोन दिवसांनी पाणी बदला, भांडं घासा, देठ दोन सेंमी कापा. आठवडाभर सहज टिकतात.

प्रश्न : हंगाम संपल्यावर खोड उपटू की कापू? आणि त्याचं आच्छादन चालेल का?

कूज झालेली नसेल तर जमिनीलगत कापा आणि मूळ आतच राहू द्या. ते कुजलं की त्याच्या वाटेने पाणी आणि पुढच्या पिकाची मुळं खोल जातात. खोडांचं ताजं आच्छादन बारीक बियांच्या वाफ्यात घालू नका. सूर्यफुलाच्या पाना-खोडांत आणि दाण्यांच्या टरफलांत इतर बियांची उगवण रोखणारी द्रव्यं असतात. वीतभर तुकडे करून इतर पाल्याबरोबर कंपोस्टमध्ये घाला. जाड बुंधे मधून उभे चिरा, नाहीतर ते वर्षभर तसेच राहतात.